बडबडीचं श्राद्ध

ओमानमधल्या सूरला मी पहिलं घरचं जेवण जेवलो ते एका जहाजाच्या श्राद्धाचं.

नोकरीवर रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. समुद्राचं पाणी गोडं करणारा आमचा प्लांट, त्यात मी नवा. बायको आणि मुलगा पुण्याला, आणि मेसमध्ये रोज तीच डाळ, तोच रबरी पराठा. अशात इनटेकचे इंजिनिअर, म्हणजे ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे ते, मला जिन्यात भेटले आणि एकदम म्हणाले, "मराठी ना रे तू? उद्या सर्वपित्री. जेवायला ये. सोवळंबिवळं काही नाही. पण उशीर करू नकोस, बाई खोळंबतील."

मला वाटलं, बाई म्हणजे त्यांची आई.

गेलो तर गॅलरीत पाट मांडलेला, पाटावर पांढरं फडकं, आणि फडक्यावर हिरवट रंगाचा एक तांब्याचा खिळा. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब. त्याच्यापुढे केळीच्या पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. भटजी तेच, यजमानही तेच. मी हळूच विचारलं, "आईंचं का?"

"छे रे! आई-वडिलांचं आपापल्या तिथीला होतं. ही बडबडी. फ्रेंच फ्रिगेट, छत्तीस तोफा. इथेच कुठेतरी बुडाली, पण कधी ते कोणालाच माहीत नाही. ज्यांची तिथी कळत नाही त्यांचं आज करतात. शास्त्र आहे."

आतून त्यांच्या बायको वाढायला आल्या. "वडा घ्या, भावजी," त्या म्हणाल्या. "ऐकायचं आणि जेवायचं. प्रश्न विचारत बसलात तर वडे गार होतील."

त्या दिवसापासून त्या माझ्या वहिनी झाल्या आणि ते भाऊ. प्लांटवरची मंडळी त्यांना मागून 'गलबतवाले' म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. "गलबत नाही," ते फक्त एवढंच सुधारायचे, "तीन डोलकाठ्यांची फ्रिगेट. मागून बोलायचं तर नीट बोला."

तो खिळा आमच्याच प्लांटनं दिला होता. समुद्राचं पाणी आत ओढून घेतो त्या तोंडाशी मोठमोठ्या जाळ्या असतात. त्यांत जेलीफिश अडकतात, शेवाळ अडकतं, फुटक्या चपला, बाटल्या, एकदा तर कोणाचा तरी प्रेशर कुकर. जाळ्या साफ करताना भाऊंच्या हाताला हा खिळा लागला. दुसऱ्या कोणी भंगारात टाकला असता. भाऊंनी तो लिंबानं घासला, डोक्यावर फ्रेंच आरमाराचा वाटणारा कसलासा छाप दिसला, आणि त्या दिवसापासून त्यांना झोप नाही. पॅरिसच्या कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून टपालानं एक विटेएवढं पुस्तक मागवलं. त्यात फ्रेंच आरमाराच्या एकेका जहाजाची जन्मापासून मरणापर्यंतची हकिकत. फ्रेंचचा गंध नसताना शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते वाचलं. मस्कतच्या वाटेवर नाहीशी झालेली एकच निघाली. तिच्या नावाचा अर्थ वाचाळ बाई. भाऊंनी तिथल्या तिथे मराठी नाव ठेवलं, बडबडी. तिच्या हकिकतीची शेवटची ओळ होती, 'बेपत्ता. बुडाली असे समजावे.'

"समजावे!" भाऊ टेबलावर हात आपटायचे. "अरे, तीनशे माणसं होती तिच्यावर. समजावे म्हणे!"

मी एकदा म्हटलं, इंटरनेटवर बघा की. ते म्हणाले, "तिथे सुके बोंबीलसुद्धा मिळतात म्हणे. वास येतो का त्यांना?" विषय संपला. पुस्तकाबाहेरच्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता.

बडबडी त्यांच्या बोलण्यात कायम वर्तमानकाळात असायची. कोणी नवीन घेतलेली जुनी गाडी दाखवायला आणली की भाऊ बॉनेटकडे बघायचेही नाहीत. "किती मालक झाले? तीन? बडबडीचेही तीन कप्तान झालेत. पहिल्याला संधिवात, तो केबिनच्या बाहेर येत नाही. दुसरा जुगारी. तिसऱ्यानं डेकवर बकऱ्या पाळल्यात. आणि डोलकाठी पहिल्याच सफरीत मोडलेली, कारण लाकूड ओलं वापरलंन् मेल्यांनी! तुझ्या गाडीचं काय घेऊन बसलास?" गाडीवाला बिचारा चहा न पिताच निघायचा.

त्यांनी तिची पत्रिका करून घेतली होती. पाण्यात सोडली तो तिचा जन्म, असं धरून. मिथुन रास निघाली. भाऊ लहान मुलासारखे खूश. "मिथुन! बडबडणारच! नाव ठेवणाऱ्या फ्रेंचाला ज्योतिष येत असणार." त्याच पत्रिकेत पाण्यापासून भय असंही लिहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, "जहाजाला पाण्यापासून भय सांगायला ज्योतिषी कशाला लागतो? मी सांगितलं असतं." भाऊंनी तेवढं ऐकलं नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते खलाशाच्या शिध्यावर राहत. साऱ्या गावाला गोडं पाणी पुरवणारा हा माणूस शुक्रवारी तांब्याभर पाण्यात अंघोळ करायचा. कडक बिस्किटं वहिनींकडून भाजून घ्यायचा. फ्रेंच खलाशी खात तसली, नुसतं पीठ, मीठ आणि पाणी. एकदा ती डब्यातून प्लांटवर आणली. आमच्या शिफ्टमधल्या मल्याळी ऑपरेटरनं भिडेखातर एक चावलं आणि त्याच्या दाढेतलं सिमेंट निघालं. तो गाल धरून बसलेला, आणि भाऊ आनंदानं थरथरत सगळ्यांना सांगतायत, "बघितलंत? रेसिपी बरोबर आहे!"

हसू यायचं, पण त्यांच्यासमोर हसता यायचं नाही. मस्कतच्या गणपतीत एका श्रीमंत गृहस्थांनी विचारलं होतं, "कशाला हा उद्योग? ती ना आपली, ना इथली." भाऊ म्हणाले, "म्हणूनच. फ्रेंच तिला विसरले, इंग्रजांना ती गेल्याचा आनंद झाला. माणूस मेला की रडायला माणसं असतात. तिच्या मागे कोण आहे, सांगा?" गृहस्थांनी मोदक घेतला आणि दुसरीकडे गेले. मी मात्र तिथे उभा होतो, आणि मला त्या क्षणी कळलं की मी या माणसाच्या मागे मागे फिरणार.

फिरलो. दर हिवाळ्यात समुद्र शांत असतो तेव्हा, दर शुक्रवारी. रास अल हद्दच्या भूशिराशी नाखवा सालेमची फायबरची होडी. भाऊ काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून तासन् तास तळाकडे बघत. मी दोरीला बांधलेला लोखंडी आकडा खाली सोडून ओढत राहायचो. सालेम म्हातारा सुकाणूवर बसून आम्हाला शिव्या द्यायचा. हिंदीत, अरबीत, कधी स्वाहिलीत. आकड्याला काहीतरी लागायचं आणि तिघेही ओरडायचो. वर यायचं कोणाचं तरी जाळं, टायर, एकदा फ्रीजचा दरवाजा. "यल्ला, ये तुम्हारा फ्रांस का फ्रीज," सालेम म्हणायचा. पण तो दरवाजा वर येईपर्यंतची ती दोन मिनिटं! छाती अशी धडधडायची की कोणाला सांगून पटणार नाही. त्या दोन मिनिटांत बडबडी दर वेळी खरोखर वर येत असायची.

आता जे लिहायचं ते लिहितो. आजवर मी हे कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

एका उन्हाळ्यात भाऊंच्या वाढदिवसाला बडबडीचं एखादं चित्र मोठं करून द्यावं म्हणून मी मोबाइलवर शोधत होतो. एका फ्रेंच अभ्यासकाचं पान सापडलं. मशीननं भाषांतर करून वाचलं. फ्रान्समधल्या लोरिआँच्या गोदीतला जन्म, ओल्या लाकडाची डोलकाठी, तीन कप्तान, बकऱ्यासुद्धा. सगळं भाऊंच्या पुस्तकातलंच. फक्त शेवटची ओळ तिथे संपत नव्हती. बडबडी रास अल हद्दच्या खडकांवर चढली होती. काही केल्या सुटेना, तेव्हा कप्तान माणसं घेऊन दुसऱ्या जहाजावरून निघून गेला. वाटेत ते सगळे इंग्रजांच्या कैदेत पडले, म्हणून फ्रान्सला काही कळलं नाही. आणि पुढच्या उधाणाला सूरच्या लोकांनी तिला खडकावरून ओढून काढलं, तळ दुरुस्त केला आणि नवं नाव दिलं, मबरूका, म्हणजे बरकतीची. पुढे कित्येक वर्षं ती खजूर आणि लाकूड वाहत होती. झांझिबार, मस्कत, आणि आपल्याकडची कोकणातली बंदरं. शेवटी म्हातारी होऊन, मोडून, तिच्या फळ्या विकल्या गेल्या.

ती बुडालीच नव्हती. जिथे आम्ही आकडा ओढत होतो तिथे काहीच नव्हतं.

मी पान बंद केलं, आणि चित्र दिलं नाही. त्याऐवजी शर्ट दिला.

का? भाऊंचं मन मोडेल म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं होतं. मला शुक्रवार हवा होता. आखातात एकट्या माणसाला आठवड्याचे बाकीचे दिवस काम सांभाळतं, शुक्रवार कोण सांभाळणार? पुण्याच्या फोनवर तेव्हा आम्ही नवरा-बायको हवा-पाण्याचं बोलायला लागलो होतो. होडीतलं ते धडधडणं सोडलं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून मी गप्प राहिलो, आणि गप्प राहणं मला लहानपणापासून छान जमतं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्या वर्षीची सर्वपित्री आली.

भाऊंची नोकरी संपत आली होती. वहिनींनी सामान बांधायला घेतलं होतं. त्यांची आई चिपळूणला, बहिणीकडे. तिला विसरण्याचा आजार. नातवंडं विसरली, स्वतःचं घर विसरली. फक्त वहिनींचा आवाज फोनवर ओळखायची. "कधी येतेस गं?" एवढंच विचारायची. वहिनी म्हणायच्या, "येते गं, हे काय, पोचलेच."

श्राद्ध झालं. गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं. सूरला कावळ्यांचा तुटवडा नाही. आपल्याकडचेच, मासळी बाजारावर पोसलेले. कशालाही चोच लावतात. पण बडबडीच्या पानाला एकाही वर्षी एकही कावळा शिवला नव्हता! समोरच्या तारेवर ओळीनं बसायचे, मान वाकडी करून बघायचे, आणि जायचे. भाऊ दर वर्षी हताश होऊन ते पान मांजरांना घालायचे. त्या वर्षी मात्र त्यांनी हात जोडले.

"बाई," ते मोठ्यानं म्हणाले, "काय इच्छा राहिली आहे? मी तुला शोधून काढावं, हीच ना? मग ऐक. तुला शोधल्याशिवाय मी घरी जाणार नाही. इथलं बिऱ्हाड हलवणार नाही."

आणि एक कावळा तारेवरून सरळ खाली आला आणि वडा उचलून घेऊन गेला.

भाऊंनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. शेजारचे ओमानी गृहस्थ बाहेर येऊन बघायला लागले. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू! मग मी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या हातात पाण्याचं भांडं होतं आणि चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला होता. शपथ तोंडातून गेली होती, कावळा शिवला होता. त्यांच्यापुढे आता बोलायला जागाच नव्हती.

माझ्यापुढे होती. एक वाक्य बोललो असतो तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. मी हात जोडून उभा राहिलो.

भाऊंनी कंपनीकडून एक वर्ष वाढवून घेतलं. वहिनींनी बांधलेलं सामान सोडलं. त्या एका वर्षात चिपळूणच्या फोनवर काय काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू यायचं. आधी "कधी येतेस?" बंद झालं. मग "कोण गं तू?" सुरू झालं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मी भाऊंना घ्यायला गेलो. ते बूट घालत होते. वहिनी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होत्या, अगदी परक्या, हसऱ्या आवाजात. "मी ना? मी दूध घालणारी हो, आजी. आज सायीचं आणलंय. कशा आहात?" पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू आलं. "हो का? तुमची मुलगी परदेशात असते? अरे वा! येईल हो. येईल."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "मुलगी म्हटलं की घाबरते ती," त्यांनी सांगितलं. "दूधवालीशी छान बोलते. डबा घ्या, भावजी. थालीपीठ आहे."

होडीत मी आकडा सोडलाच नाही. भाऊ बादलीत तोंड घालून म्हणाले, "सही केली रे काल. अजून दोन वर्षं देतायत. दोन वर्षांत इथला तळ विंचरून काढू."

"भाऊ, ती इथे नाही."

"म्हणजे? अजून उत्तरेला म्हणतोस?"

"ती बुडालीच नाही, भाऊ. सूरच्या लोकांनी तिला बाहेर काढलं."

मग मी सगळं सांगितलं, मोबाइल काढून दाखवला, पण मोठ्यांदा मला बोलता येईना. इंजिनाच्या आवाजात त्यांना अर्धं ऐकू आलं नाही, तेव्हा त्यांनी सालेमला इंजिन बंद करायला लावलं. समुद्रावर एकदम शांत झालं. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. खडक, उधाण, नवं नाव, खजूर.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यापासून."

"कावळ्याच्या आधी?"

"हो."

मला वाटलं, आता बादली डोक्यात घालतील. घालावी, असंही वाटलं. त्यांचे ओठ हलले, काहीतरी जबरदस्त यायला लागलं होतं, आणि मग त्यांच्या डोळ्यांत दुसरंच काही चढत गेलं.

"कोकणातली बंदरं म्हणालास. कुठली?"

"एवढंच लिहिलंय."

"दाभोळ असणार!" भाऊ दाभोळचेच. "खाडीत एवढं खोल पाणी दुसरीकडे कुठे आहे? अरे, दाभोळला आली असणार ती! आमच्या धक्क्याला लागली असणार! माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी तिचा खजूर खाल्ला असेल, लेका!" ते उभे राहिले, होडी डुचमळली, सालेम ओरडला. "जगली! सालेम, जिंदा थी वो! सूर के लोगों ने बचाया!"

सालेमला अर्धं मिनिट लागलं. मग तो सुकाणू सोडून उभा राहिला. "सूर का लोग? वल्लाह?" त्यानं छातीवर हात ठेवला. "मेरा दादा का दादा होगा! हमारा खानदान में सब ऐसा काम करता है!" आणि दोघे म्हातारे त्या डुगडुगत्या होडीत एकमेकांना मिठ्या मारायला लागले. मी मधोमध, तोल सांभाळत. मला क्षमा करायची भाऊंना आठवणच राहिली नाही. सवडच झाली नाही.

"पण मग खिळा?" मी विचारलं.

"चालत्या गाडीचा नट पडतो, म्हणून गाडी मेली का? खडकावर घासली, तेव्हा पडला!" भाऊंनी तेवढ्यात उत्तर शोधूनही ठेवलं होतं.

घरी पोचलो ते भाऊ जिन्यातूनच ओरडत. वहिनींनी ऐकून घेतलं. गॅस बंद केला. भाऊंकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, भावजी?"

"हो."

"पान ठेवलं त्या दिवशी?"

"हो, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि गॅस पुन्हा लावला. "हात धुऊन घ्या. जेवायला बसा," त्या म्हणाल्या. जेवताना माझ्या पानात त्यांनी काही कमी वाढलं नाही.

भाऊंचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. मध्येच घास हातात धरून ते थांबले. "अगं! आपण जिवंत बाईचं श्राद्ध घातलं! इतकी वर्षं!"

"ती तेव्हाही जिवंत नव्हती," मी म्हटलं. "मोडून दोनशे वर्षं झाली असतील."

"ते वेगळं. बुडाली म्हणून घातलं ना आपण? बुडाली नव्हती. म्हणजे मेलेली समजून घातलं. त्याला उपाय आहे." आणि त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी गावचा एक खलाशी वादळात गेला असं समजून घरच्यांनी त्याचे दिवस केले. वर्षानं तो माणूस पेटी डोक्यावर घेऊन दारात उभा! आता करायचं काय? मेलेला माणूस घरात कसा घ्यायचा? जाणत्यांनी सांगितलं, याचा पुन्हा जन्म झाला असं धरा. मग त्या मिशाळ माणसाला न्हाऊमाखू घातलं, झोळीत बसवलं, आणि त्याचं बारसं केलं. "झोळी तुटली होती," भाऊ म्हणाले. "मी होतो ना तिथे! घुगऱ्या खाल्ल्या आहेत मी त्याच्या."

"म्हणजे आता बडबडीचं बारसं?" मी विचारलं.

"आणि ते झालं की घरी. शोधल्याशिवाय जाणार नाही म्हटलं होतं, सापडली की! आता बाई मोकळी आणि मीही मोकळा. कालची सही उद्या मागे घेतो." मग ते वहिनींकडे वळले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "तिकिटं काढू ना?"

"काढा," वहिनी म्हणाल्या.

बारसं पुढच्याच शुक्रवारी. दाराच्या चौकटीला वहिनींनी आपल्या जुन्या सुती साडीची झोळी बांधली. शेजारची ओमानी बाई मुलींना घेऊन आली, ओमानी हलव्याचं ताट घेऊन. मल्याळी ऑपरेटर आला, त्याची नर्स बायको आली. सालेम नवा पायघोळ डिशडाशा घालून आला आणि खुर्चीवर असा बसला की जणू मुलीकडचा. तांब्याचा खिळा दुपट्यात गुंडाळून झोळीत ठेवला होता. वहिनी पाळणा म्हणत होत्या, आणि कोणाला एक अक्षर कळत नसूनही सगळ्या टाळ्या वाजवत होत्या.

"आता नाव," भाऊ म्हणाले. "कानात सांगायचं. पण आत्या कोण? बडबडीला आत्याच नाही!"

"भावजी," वहिनी म्हणाल्या.

मी दचकलो. "मी?"

"नाव कोणी आणलं? तुम्हीच ना? मग आत्या तुम्हीच. या इकडे."

हशा पिकला. मला ढकलत झोळीपाशी नेलं. मी वाकलो. खिळ्याचं डोकं कुठलं ते भाऊंनी दाखवलं. मी हळूच नाव सांगितलं, कुर्र केलं, आणि वहिनींनी बायकांना हातानं खूण केली. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात, ते त्यांनी आधीच सगळ्यांना समजावून ठेवलं होतं. ओमानी मुलींनी खिदळत हलके चापट्या मारल्या. मल्याळी नर्सला वाटलं हा सक्तीचा नियम आहे. तिनं इमानानं दणके दिले. सालेमनंही एक हाणला. मी वाकलेलाच, हसत होतो.

मग सगळे थांबले आणि एक बुक्का आला. एकच. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पूर्ण मुठीनं, पूर्ण ताकदीनं. माझा श्वास अडकला, डोळ्यांत पाणी आलं. खोलीतलं हसणं चालूच होतं; कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मूठ माझ्या पाठीवरच राहिली होती.

"ऐकू नाही आलं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "मोठ्यांदा सांगा. निदान आता तरी."

मी मान वर केली. "मबरूका," मी म्हटलं. आवाज फाटला होता.

मूठ पाठीवरून उचलली गेली. पुन्हा मारायला की आवरायला, ते मला दिसत नव्हतं. म्हणून मी छातीत भरेल तेवढा श्वास घेतला आणि रस्त्यावर ऐकू जाईल असा ओरडलो, "मबरूका!"